तळ्यातला कागद

बारामतीच्या एमआयडीसीत तयार होणाऱ्या जाड काळ्या प्लास्टिकला शेतकरी कागद म्हणतात. शेततळं खोदलं की पाणी जमिनीत मुरू नये म्हणून तळापासून काठापर्यंत अंथरायचा तो कागद. त्यावर लिहिता येत नाही, तो भिजत नाही, दोन गड्यांनी ओढून फाटत नाही; तरी कागदच. संजीवनी ही पॉलिमर या विषयात एम.एस्सी. करून असल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली, तेव्हा सुरुवातीला ती येईल त्याला 'फिल्म म्हणा, फिल्म' असं सांगायची. ऐकतंय कोण? पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतायचं? शेवटी तीच कागद म्हणायला लागली.

त्या कागदानं तिचा भाऊ नेला. लोक म्हणतात पाण्यानं नेला, पण ते खरं नाही.

संजीवनीचं घर अंथुर्ण्याच्या शिवारात, डाळिंबाच्या बागेत. बागेच्या वरच्या अंगाला शेततळं. तिचा थोरला भाऊ रणजित त्यात उतरला तो भर दुपारी, मोटारीच्या पाइपाच्या तोंडाला अडकलेलं शेवाळ काढायला. रणजित पट्टीचा पोहणारा. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की या पुलावरून उडी टाकून पार त्या पुलाला निघायचा आणि काठावरच्या पोरांना म्हणायचा, "पाणी आपल्याला वळाकतं." तळ्याला शहाणा माणूस गाठी मारलेला दोर सोडून ठेवतो. यांच्याही तळ्याला होता. रणजितनंच तो सोडून कडब्याच्या ट्रॉलीला बांधला, आणि परत आणून लावायचं राहून गेलं. कुणी आठवण केली तर हसायचा. दोर कुणाला? पोहता न येणाऱ्याला. विहिरीत आणि कालव्यात लहानाचं मोठं झालेल्या आपल्या लोकांची ही पक्की समजूत आहे, आणि तिथंच घात होतो. विहिरीला कपार असते, कालव्याला पायरी असते, नदीला वाळू असते. कागदाच्या तळ्याला काहीच नसतं. चारी बाजूंनी ओला, बुळबुळीत उतार. हात टेकला की सटकतो, पाय रोवला की घसरतो. असल्या तळ्यात पोहता येणारा वाचत नाही. तो फक्त जास्त वेळ बुडतो.

मोटारी लावून पाणी उपसलं, तेव्हा सगळ्यांना ते दिसलं. उतारावरच्या हिरव्या शेवाळात बोटांच्या रेघा होत्या. एका बाजूला नव्हे, चारी बाजूंना. इकडं जमलं नाही म्हणून तिकडं, तिकडं जमलं नाही म्हणून पलीकडं, असा तो पोरगा हिंडला होता. त्याची आई द्वारकाबाई बांधावर उभी राहून त्या रेघा बघत होती. बायकांनी तिला मागं ओढलं, पण उशीर झाला होता. जे बघायचं नव्हतं ते तिनं नीट बघून घेतलं होतं.

दहाव्याला कावळा शिवेना. वडलांनी, म्हणजे रावजी आबांनी, हात जोडून सांगितलं की बाग सांभाळीन. मामा सुप्याहून आला होता, तो म्हणाला संजीवनीचं लग्न मी करून देईन. कावळे लिंबावर बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं आणि लोक चहा पिऊन घरी गेले.

रणजितला वर काढताना शिडीनं कागद फाटला होता. डाळिंबं बहारात होती, पाण्याशिवाय बाग जळाली असती. आबांनी दुःख बाजूला ठेवून नवा कागद टाकला, तोही लेकीच्याच कारखान्यातला. या खेपेला त्यांनी चारी कोपऱ्यांना दोर सोडले, भोवतीनं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. जुना कागद घड्या घालून बाभळीखाली टाकला. भंगारवाला आला तर द्वारकाबाईनं त्याला हाकलून लावला.

आणि तिथून सुरुवात झाली. दुपार झाली की द्वारकाबाई बाभळीखाली जाऊन बसायची, त्या काळ्या घडीजवळ कान नेऊन.

"ऐक की," ती सुट्टीला आलेल्या संजीवनीला म्हणाली. "अजून चढतोय त्यो."

"कोण गं आई?"

"दादा तुजा. नखं वाजत्यात बघ. खर्र करतंय, मग थांबतंय. दम घेतो आन पुन्यांदा चढतो."

संजीवनी शिकलेली मुलगी. तिनं आईला समजावलं, की उन्हानं प्लास्टिक लोखंडापेक्षा कितीतरी पटीनं फुगतं, वरची घडी आधी तापते, खालची गार राहते, दोघी एकमेकींवर घासतात आणि आवाज होतो. यात भुताखेताचं काही नाही.

"व्हय का?" द्वारकाबाई म्हणाली. "मग दम कशापायी घेतंय गं ते पलास्टिक?"

संजीवनीनं घडीवर कान टेकला. खर्र. मग शांत. मग पुन्हा खर्र, जरा हळू, जरा खालून. तिनं मनाशी सगळं नीट लावून घेतलं, ऊन, घडी, घर्षण, आणि तिला ते पटलंही. तरी ती तिथून उठली आणि भरभर घरात आली. पटणं वेगळं आणि तिथं बसून राहणं वेगळं.

द्वारकाबाईचं जेवण तुटलं. बोलणं तुटलं. शेजारच्या आक्काबाईनं कोंबडं उतरवून टाकायला सांगितलं, तेही करून झालं. कोंबड्याचा जीव गेला, आवाज काही गेला नाही. ती आता बाभळीखालून उठून तळ्याच्या फाटकापाशी जायला लागली आणि गजांना धरून तासन्‌तास पाण्याकडं बघायला लागली. आबांनी एकदा संजीवनीला गोठ्यामागं नेऊन सांगितलं, "पोरी, येक गेला. ही बी जाणार बघ. कुलूप किती दिस पुरणार? कवातरी मी बाजाराला गेलो की ही तळ्यात उतारनार." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. आईला कसंही करून त्या तळ्यापासून सोडवायची, हे संजीवनीनं त्या दिवशी ठरवलं.

तिला वाटलं, कागदच नाहीसा करावा.

तुम्ही म्हणाल, जाळायचा होता. पण रणजितच्या बोटांच्या रेघा ज्याच्यावर उमटल्या, तो कागद जाळायला तिचा हात धजेना. वितळवायला मात्र धजला, कारण तो तिचा धंदा होता आणि त्यावर तिचा विश्वास होता.

प्लास्टिक म्हणजे साखळ्या. इथिलिन नावाचा एक वायू असतो. त्याचा कण एवढासा, मोकळा, कुणाचा कुणाला मेळ नसलेला. दाबाखाली योग्य उत्प्रेरक भेटला की हे कण एकमेकांचे हात धरत सुटतात आणि हजारो कणांची एकेक लांब साखळी होते. वायूचा पांढरा दाणा होतो. तो दाणा पोत्यांतून बारामतीला येतो. त्यात काजळी मिसळायची, कारण ऊन हा प्लास्टिकचा वैरी, आणि काजळी ते ऊन स्वतःच्या अंगावर घेते. मग तापल्या नळकांड्यात फिरणारा स्क्रू तो दाणा वितळवत पुढं रेटतो, बारीक जाळीतून गाळतो आणि गोल फटीतून बाहेर काढतो. आत हवा भरली की काळा फुगा छपरापर्यंत उभा राहतो. वर गेलेल्या फुग्याला रूळ चेपतात, आणि खाली गुंडाळीवर कागद उतरतो.

वितळताना या साखळ्या एकमेकींतून सुटतात, सरकतात, वाहायला लागतात. आधीचा आकार, आधीची घडी, आधीचा ओरखडा, सगळं जातं. वितळलेल्या प्लास्टिकला मागचं काही आठवत नाही, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही मिळाले होते. दादाच्या रेघा अशाच जाव्यात, आईच्या कानातली खर्र अशीच जावी, एवढंच तिला हवं होतं.

भावानं बळंच नेली म्हणून द्वारकाबाई त्याच्या नातवाच्या जावळाला सुप्याला गेली, ती चार दिवस तिकडंच राहिली. तेवढ्यात आबांनी आणि संजीवनीनं बाभळीखालचा कागद टेम्पोत घातला. आबांनी घडीवर हात ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही. मग म्हणाले, "ने."

उन्हात वर्षं काढलेला जुना माल नव्या कागदात घालायचा नाही, असा कारखान्याचा नियम होता. ग्राइंडरच्या वर ती पाटी लागली होती, आणि ती संजीवनीनंच लावली होती. आता तिनंच मशीन चालवणाऱ्या विशालला सांगितलं, "हा धुऊन, दळून चालवायचा. ट्रायल आहे."

विशाल भवानीनगरकडचा. तोंडाचा फटकळ, हाताचा पक्का. त्यानं घडी उलगडून बघितली, वास घेतला.

"मॅडम, ह्यो माल उन्हानं पार खाल्लेला हाय. तुमीच म्हन्ता घालायचा न्हाय."

"आज घाला."

कागद कुठला, हे विशालनं विचारलं नाही. कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. मशीन सुरू करताना पहिला वितळलेला लोंदा बाहेर पडतो, तो बाजूला टाकायचा आणि त्याला कुणी ओलांडायचं नाही, अशी तिथल्या कामगारांची रीत. अमावास्येला त्या लोंद्यावर लिंबू ठेवतात. त्या दिवशी अमावास्या नव्हती. तरी विशालनं डब्यातलं लिंबू काढून ठेवलं, आणि संजीवनीनं बघून न बघितल्यासारखं केलं.

दळताना काही झालं नाही. वितळताना मात्र दाब वाढायला लागला. जाळीपाशी काहीतरी तुंबत होतं. विशालनं वेग कमी केला, उष्णता वाढवली, तोंडानं शिव्या दिल्या. मग आत कुठंतरी फट्‌ आवाज झाला. जाळी फाटली होती. आणि काळा फुगा वर चढायला लागला, तो सगळा खड्यांनी भरलेला.

ज्वारीच्या दाण्याएवढे खडे. फुगा वर सरकेल तसे दाटीदाटीनं येत होते, आणि प्रत्येकामागं शेपटीसारखी रेघ. तिरप्या रेघा, चार-चार जवळजवळ, खालून वर ओढलेल्या. विशाल मशीनपासून दोन पावलं मागं सरला.

"मॅडम, बघताय न्हवं?"

ती बघत होती. तिला त्याचं कारण माहीत होतं. गोल फटीच्या ओठाला खडा अडकला की कागदावर रेघ उमटते. ती फट सावकाश फिरती असते, म्हणून रेघ तिरपी पडते. सगळं बरोबर होतं. चार-चारच का, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. फुग्याच्या आतून कुणीतरी तळहात लावून चाचपत वर चाललंय, असं तिला वाटलं, आणि भर दुपारी, त्या भट्टीसारख्या शेडमध्ये तिला थंडी वाजली. कठड्याला धरून ती तशीच उभी राहिली आणि मशीन बंद करा म्हणायचंही तिला सुचलं नाही.

चूक तिच्या ध्यानात आली होती, आणि ती चूक अडाण्याची नव्हती, शिकलेल्याची होती. उन्हाचा हिशेब तिनं केला नव्हता. खरं तर केला होता आणि मनाआड टाकला होता. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या कागदात काही साखळ्या तुटतात, आणि काही शेजारच्या साखळीला आडव्या बांधल्या जातात. ही आडवी गाठ एकदा पडली की सुटत नाही. मग कितीही तापवा. ते जळेल, पण वितळणार नाही. आणि जे वितळत नाही ते विसरतही नाही. तेच खडे होऊन बाहेर आलं होतं.

"सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय म्हन्त्यात," विशाल घाम पुसत म्हणाला. "ह्यो तर सुंभ बी जळला न्हाय."

मालक दिग्विजय साहेब तिन्हीसांजेला आले. कागदावरून हात फिरवला आणि झटक्यानं मागं घेतला. "संजीवनी, अगं हे काय? टाकी लावलेलं दगडी जातं बरं याच्यापेक्षा. हा कुणाच्या तळ्यात घालायचा?" ते रागावले नाहीत, कारण हा कागद कुठल्या तळ्यातला ही बातमी त्यांनाही लागली होती, आणि न रागावलेला मालक जास्त जड जातो. संजीवनीनं स्वतःच्या हातानं गुंडाळीवर लाल चिठ्ठी लावली: नापास. गुंडाळी मागच्या अंगणात भिंतीला लावून ठेवली, तिचं एक टोक वरून सुटून उतारासारखं जमिनीपर्यंत लोळत आलं.

दुसऱ्या दिवशी अंगण धुतलं. कोपऱ्यात नेहमीच्या गुळगुळीत कागदाचे तुकडे पडलेले असतात. ओले झाले की त्यावरून भले भले आपटतात. कारखान्यातलं कुत्रं पाण्याला भिऊन पळालं. त्या तुकड्यांवर चारी पाय फाकून पडलं, कसंबसं उठलं, आणि लाल चिठ्ठी लावलेल्या ओल्या कागदावरून सरळ वर चढून भिंतीवर गेलं. एकदाही घसरलं नाही.

संजीवनी खिडकीतून बघत होती. ती खाली आली, चपला काढल्या, आणि ओल्या कागदावर पाय ठेवला. खडे तळव्याला टोचले, पण पाय धरला. तिनं दुसरा पाय ठेवला. तोही धरला. अंगठ्यानं रेटून बघितलं, गुडघा टेकून बघितला, तळहातानं भार देऊन बघितला. सगळं धरत होतं.

इतकी वर्षं ती कागद हातात घेऊन खडा शोधत होती. एक खडा सापडला तरी चिठ्ठी लावत होती. गुळगुळीत तेवढा चांगला, असं तिनं हजारदा सही करून सांगितलं होतं. तिला तिथंच हुंदका फुटला. असला एक हातभर पट्टा त्या तळ्याला असता तर दादा वर आला असता, चालत आला असता, घरी येऊन 'भूक लागली' म्हणाला असता. ती भिंतीला टेकून रडत होती, आणि वर बसलेलं कुत्रं तिच्याकडं बघत होतं.

गुंडाळी तिनं मागून घेतली. साहेब म्हणाले, ने बाई, माझ्या दारातनं तेवढी ब्याद जाऊ दे. एवढ्या खड्यांचा कागद पाणी धरणार नाही, हे तिला माहीत होतं. पण तळ्याच्या चांगल्या कागदावर वरून पट्टा म्हणून जोडला तर काय बिघडणार होतं?

विशाल गरम हवेचं जोडयंत्र घेऊन स्कूटरवरून आला. आबांनी त्याला 'विशालराव' म्हणून चहा पाजला. फाटकासमोरच्या बाजूला, बांधापासून उतारावर, तिघांनी तो पट्टा अंथरला आणि कडा वितळवून खालच्या कागदाला चिकटवल्या. कालव्याचं आवर्तन नुकतंच होऊन गेलं होतं, तळं तुडुंब होतं. पट्ट्याचं टोक पाण्यात हातभर बुडालं.

"तळापतुर न्यायला पायजे," विशाल म्हणाला.

"त्यासाठनं पाणी काढावं लागंल," आबा म्हणाले. "आन बाग? पाण्यात गेलाय न्हवं, बास झालं."

संजीवनीला आई यायच्या आत काम संपवायचं होतं. तीही म्हणाली, बास झालं.

द्वारकाबाई सुप्याहून परतली ती सरळ बाभळीखाली. तिथं मोकळी जमीन बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"कागद कुठाय?"

"वितळवला, आई."

"आन त्यो?"

 संजीवनीनं आईचा हात धरून तिला तळ्यावर नेलं, कुलूप काढलं आणि पट्टा दाखवला. द्वारकाबाई खाली बसली. तिनं पट्ट्यावर तळहात ठेवला आणि आंधळ्या माणसानं तोंड चाचपावं तसा सावकाश फिरवला. एकेक खडा, एकेक रेघ.

"ह्यो त्योच हाय," ती म्हणाली.

"व्हय. त्योच. वाट केलीय वर यायला."

त्या दिवशी द्वारकाबाई पोटभर जेवली. आवाज थांबला. तिला तो ऐकू येईना, आणि खरं सांगायचं तर संजीवनीलाही येईना. रोज दुपारी आबा द्वारकाबाईला तळ्यावर घेऊन जायचे. ती पट्ट्यावरून जपून खाली उतरायची, पाण्याशी बसून हातपाय धुवायची, काहीबाही पुटपुटायची आणि वर यायची. घरात पुन्हा लसणाची फोडणी बसायला लागली. आबांनी फाटकाला कुलूप लावायचं सोडून दिलं. बाई ताळ्यावर आली, असं सगळ्यांनी मानलं, आणि असं मानलं की माणसाचं लक्ष सुटतं.

ऊन वाढलं. आवर्तन लांबलं. डाळिंबाला ठिबकनं रोज पाणी जात होतं आणि तळं रोज थोडं थोडं खाली बसत होतं. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही, आणि हात पाण्याला पोचेना तेव्हा द्वारकाबाईनं ते कुणाला सांगितलं नाही.

संजीवनीला गुरुवारची सुट्टी. ती आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. आबा बागेचं औषध आणायला अंथुर्ण्यात गेले होते. ती तळ्याकडं निघाली. फाटक उघडं होतं. बांधावर, पट्ट्याच्या तोंडाशी, आईच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

ती धावली.

पट्ट्याच्या मध्यावर द्वारकाबाई बसली होती. केसांपासून पायांपर्यंत भिजलेली, पदर खांद्यावरून निथळतोय, छाती भात्यासारखी हलतेय. संजीवनी पट्ट्यावरून खाली गेली आणि तिनं आईला दोन्ही हातांनी धरलं.

"पडलीस? पाण्यात पडलीस व्हय गं?"

द्वारकाबाईनं मान हलवली. "पट्टा सरला. फुडं पाय टाकला तर सटाकला."

तेव्हा संजीवनीनं खाली बघितलं. पट्ट्याचं टोक पाण्यापासून कितीतरी वर, कोरडं होऊन उन्हात चमकत होतं. टोकापासून पाण्यापर्यंत माणूस उभा मावेल एवढा उतार उघडा पडला होता. गुळगुळीत, हिरवा, ओला. तिच्याच कारखान्यातला, तिच्याच सहीनं पास झालेला कागद. 

"मग वर कशी आलीस? दोर धरलास?"

दोर चारी कोपऱ्यांना होते. तिनं एकेक बघितला, पाण्याच्या वर चारी कोरडे. आणि द्वारकाबाईला पोहता येत नव्हतं. ती जन्मात कधी कमरेच्या वर पाण्यात गेली नव्हती. उतारावरच्या शेवाळात एक रुंद ओली वाट पुसली गेली होती, पाण्यापासून थेट खड्यांच्या पट्ट्याच्या टोकापर्यंत, एका बाईच्या अंगाएवढी. संजीवनीनं हिशेब मांडायचा प्रयत्न केला. उताराचा कोन, शेवाळ, आईचं वजन. कुठल्याच रीतीनं तो जमेना.

"आई, सांग की. वर कशी आलीस?"

"खालनं ढकललं."

वारा पडला होता. तळ्याचं पाणी हलत नव्हतं. एरवी संजीवनीनं आईला समजावलं असतं, घाबरलेल्या माणसाच्या अंगात बळ येतं वगैरे सांगितलं असतं. ती शब्द शोधायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की ते तिला सांगायचेच नाहीत. तिला एकच विचारायचं होतं, आणि भाऊ गेल्यापासून ते तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"काय म्हनला गं?"

"काय न्हाय म्हनला." द्वारकाबाई पाण्याकडं बघत होती. तिचा आवाज अगदी रोजचा होता, पोरगं शेतातून आलंय आणि ओसरीवर आडवं झालंय असा. "बोलायला दम कुठं हुता त्येला? लई दमलाय गं त्यो. मला खांद्यावर घिऊन वर सारलं आन पट्ट्यावर ठिवलं. मी मागं वळून हात दिला. पर त्येचा हात पुरंना."

संजीवनीनं आईचं ओलं डोकं छातीशी धरलं. तिला रडू आवरेना.

"पट्टा कमी पडला, संजे," द्वारकाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "उगी. रडू नगंस. पर खालपतुर ने."

"नेते आई," संजीवनी म्हणाली. "बाग जळली तरी चालंल. आजच मोटार लावते. तळापतुर नेते."